पहिले आटे बोटांनी

मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून दिलावर मुलाणी यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, मधोमध एक लोखंडी तुळई, तिला अडकवलेली चेनकप्पी आणि खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. उसाचा हंगाम सुरू झाला की या जमिनीवर उभं राहायलाही जागा नसायची. कारखान्याला ऊस वाहणारे ट्रक रांगेनं येऊन थांबत आणि त्यांचे ड्रायव्हर सावली शोधून तंबाखू मळत बसत.

त्यातल्या निम्म्या गाड्यांचं दुखणं एकच असे. ट्रकचं इंजिन चेसिसवर नुसतं ठेवलेलं नसतं. ते जाड रबराच्या गाद्यांवर बसवतात आणि प्रत्येक गादीच्या जागी एक बोल्ट असतो. रबर असतं म्हणून इंजिनाची थरथर ड्रायव्हरच्या हाडांपर्यंत पोचत नाही, आणि बोल्ट असतो म्हणून इंजिन जागा सोडत नाही. पण फडातून ऊस भरून चाकोरीतून हेलकावे खात बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रबरं लवकर फाटतात. मग इंजिन चेनकप्पीनं थोडं उचलायचं, जुनं रबर काढायचं, नवं घालायचं आणि बोल्ट परत लावायचे. ऐकायला सोपं आहे. बिघडतं ते मात्र इथंच, बोल्ट लावताना.

शाईच्या दौतीचं झाकण घाईत तिरकं बसलं तर काय होतं, ते आठवून पाहा. ते फिरतं, घट्टही लागतं. आपल्याला वाटतं, बसलं. पण दौत दप्तरात कलंडली की वह्या निळ्या होतात. बोल्टचंही तसंच. त्याच्या अंगावर गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. तसेच आटे भोकाच्या आतही असतात. दोन्ही एकमेकांत सरळ गेले तर बोल्ट वर्षानुवर्षं हलत नाही. तिरके गेले आणि वरून पान्यानं जोर लावला, तर लोखंड लोखंडाला खातं. बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण आत धरायला काही उरलेलं नसतं.

दिलावरभाईंच्या गॅरेजात यावर एक नियम होता. पहिले आटे बोटांनी. सगळे बोल्ट आधी बोटांनी थोडे थोडे चढवायचे, मग इंजिन सावकाश खाली सोडायचं, आणि शेवटी पाना घ्यायचा.

"पाना आडदांड गडी हाय," ते म्हणायचे. "त्याच्या अंगात जोर हाय, पर अक्कल न्हाई. अक्कल बोटात असती. बोल्ट जाईना तर दडपू नगं. उलटा फिरव. उलटा फिरवताना एका जागी तो टक् करून खाली बसतो. त्याचा आवाज येत न्हाई, बोटाला कळतं. तितनं सुलटा फिरव, लोण्यागत जातो."

हे त्यांच्याकडून जोतिबा थोरात मिसरूड फुटायच्या वयात शिकला होता. पुढे तो पलटणीत गेला, तिथं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, आणि एकाहत्तरची लढाई संपल्यावर निवृत्त होऊन गावी आला. घरी दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजात हजर झाला. दिलावरभाई गाडीखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"कोण रं?"

"जोतिबा, उस्ताद."

"बारा नंबरचा पाना दे," खालून आवाज आला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाचं तेवढंच स्वागत झालं. संध्याकाळी मात्र दिलावरभाईंनी त्याला घरी नेलं आणि बायकोला, अख्तरबींना, सांगितलं, "आजपासनं ह्यो माझा भागीदार." अख्तरबी जोतिबाला भाऊ म्हणत. ईदेला त्याच्या वाटणीचा शिरखुर्मा झाकून ठेवत, आणि तो उशिरा आला तर बोलणी खाऊनच त्याला तो मिळे.

चौऱ्याहत्तर सालच्या हंगामात आष्ट्याच्या लालासाहेब पाटलांचा ट्रक रबरं बदलायला आला. लालासाहेब मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस होता. दिलावरभाईंची थट्टा केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"मुलाणी, इंजिन नीट बसवा हां. मागल्या खेपेला बायकू पुढं बसली हुती, आष्ट्यापतूर तिच्या बांगड्या वाजत आल्या."

"पाटील, इंजिन मी गप करतो. बायकू गप करायचं काम माझ्याकडं हुत न्हाई."

ड्रायव्हर मंडळी हसली. दिलावरभाईंनी नेहमीसारखे बोल्ट बोटांनी लावले, पान्यानं आवळले, आणि दुपारच्या नमाजाला निघून गेले. जोतिबा हत्यारं गोळा करायला गाडीखाली शिरला. उजव्या बाजूच्या बोल्टच्या तोंडाशी त्याला चकाकणारं काहीतरी दिसलं. बोटावर घेतलं तर लोखंडाचा कीस. अगदी बारीक, पण ताजा. नुकत्याच स्वच्छ केलेल्या भोकात कीस यायचं कारण एकच असतं.

त्यानं बोल्ट मागं काढून पाहिला. आटे एका बाजूनं चेंगरले होते. बोल्ट तिरका गेला होता.

जोतिबा बराच वेळ तसाच पाठीवर पडून राहिला. कुणी नवख्यानं हे केलं असतं तर त्यानं त्याच्या नावानं शंख केला असता. पण हे दिलावरभाईंनी केलं होतं. ज्या माणसानं त्याचा हात हातात धरून बोल्ट कसा धरायचा ते दाखवलं, त्यानं. बाहेर लालासाहेब अजून मोठ्यानं बोलत होता. ड्रायव्हर होते. आत्ता काही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत कराडपासून पेठ नाक्यापर्यंत बोभाटा होणार, दिलावर मुलाण्याच्या हाताला चूक लागली.

त्यानं पेटीतून टॅप काढला. टॅप म्हणजे भोकातले बिघडलेले आटे पुन्हा कापून सरळ करायचं हत्यार. आटे नीट केले, नवा बोल्ट बोटांनी चढवला आणि आवळला. दिलावरभाई टोपी घडी करत परत आले तेव्हा जोतिबा हात पुसत होता.

"टॅप कशाला काढलास रं?"

"पुसून ठेवला, उस्ताद. गंज धरत हुता."

त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला, विजयमालाला, ही गोष्ट सांगितली.

"मग त्यास्नी सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"बोल्ट वाकडा गेला म्हणून. त्यात काय? माझी भाकरी करपली तर तुमी सांगताच की."

"तुझी भाकरी आनि उस्तादाचा बोल्ट एक हाय व्हय? वय झालंय त्यांचं. यखाद्या दिवशी हुतं."

"आवं, वय झालंय म्हणूनच सांगायचं," विजयमाला म्हणाली आणि ताट उचलून गेली.

जोतिबानं सांगितलं नाही. उस्तादाची चूक शिष्यानं तोंडावर काढायची नाही, अशी या धंद्यातली रीत होती. पेट्या उघडताना हत्यारांना नमस्कार करायचा, उस्तादानं पाना मागितला तर तो मुठीच्या बाजूनं द्यायचा, आणि उस्तादाचं काम झाल्यावर त्याला मागून हात लावायचा नाही. जोतिबानं हात लावला होता, तो निदान त्यांना कळू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

पण ते एखाद्या दिवसापुरतं नव्हतं. हंगाम सरता सरता पुन्हा तसंच झालं, आणि पुढं पावसाळ्यात एका टँकरच्या बाबतीतही. मग जोतिबानं एक युक्ती केली. इंजिन बसवायचं काम आलं की तो म्हणायचा, "उस्ताद, बोल्ट तुमी लावा, पाना मी मारतो. तुमची कंबर दुखती." आणि पाना मारायच्या आधी प्रत्येक बोल्ट गुपचूप मागं फिरवून तपासायचा. तिरका असेल तर काढून सरळ घालायचा. दिलावरभाई तोवर गाडीच्या पुढं बसून कुणाशी तरी गप्पा मारत असत.

"बघा," ते ड्रायव्हरांना सांगत, "साठीला आलो, पर माझा बोल्ट अजून येकदा बी वापस आला न्हाई. हाताचं हाय सगळं. व्हय का न्हाई रं जोतिबा?"

"तुमच्या हाताला तोड न्हाई, उस्ताद," गाडीखालून जोतिबा म्हणायचा.

हे बोलताना त्याला वाईट वाटत नसे. उलट बरं वाटे. म्हाताऱ्या बापाला रस्ता ओलांडताना त्याच्या लक्षात न येता कोपराला आधार द्यावा, तसं काहीतरी आपण करतो आहोत, असं त्याला वाटे.

इतर खुणाही होत्या. त्या आता मागं वळून पाहिल्यावर सरळ रेषेत दिसतात, तेव्हा त्या सुट्या सुट्या होत्या. दिलावरभाईंच्या मनगटाच्या वर एक फिकट चट्टा आला होता. बॅटरीचं पाणी उडालं असेल, असं ते म्हणाले. तव्यावरून उतरलेली भाकरी ते सहज हातात घेत, तेव्हा अख्तरबी म्हणत, "हात हाय का चिमटा?" आणि ते हसत. सदऱ्याची गुंडी लावायला त्यांना वेळ लागू लागला. अख्तरबींनी ती लावून द्यायला सुरुवात केली, आणि नवराबायकोत त्यावरही थट्टा होई. बोटांतून काहीतरी हळूहळू निघून चाललं होतं. माणसाला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तर कळतं, कानांनी कमी ऐकू आलं तर लोक ओरडून बोलतात म्हणून कळतं. बोटांचं कमी झालेलं कळायला काम बिघडावं लागतं. आणि त्यांचं काम कधी बिघडत नव्हतं.

पुढच्या हंगामाच्या शेवटी लालासाहेबाचा ट्रक पुन्हा आला. चढावर इंजिन तापत होतं. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून दिलावरभाई वाकून पाहत होते आणि लालासाहेबाला त्याच्या ड्रायव्हरची गंमत सांगत होते. सांगता सांगता त्यांनी डावा हात टेकला, तो धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर. तो पाइप इतका तापलेला असतो की त्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही, नाचत उडून जातो.

"…तर मी म्हटलं, अरं गड्या, पाणी रेडिएटरमदी वत, माझ्या डोक्यावर का—"

"मुलाणी!" लालासाहेब ओरडला. "हात! हात!"

दिलावरभाईंनी हसऱ्या तोंडानंच मागं पाहिलं. कुणाचा हात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तोवर वास आला होता. जोतिबानं धावत येऊन त्यांचं मनगट ओढलं. तळव्याची कातडी पाइपाला चिकटून राहिली.

दिलावरभाई तळव्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी ते जळालेलं मांस दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. त्यांच्या तोंडावर दुखण्याची एक रेषही उमटली नाही.

लालासाहेबानं स्वतःचा रुमाल फाडून दिला, पण तो हातात न देता मडगार्डवर ठेवला. त्याच्यासाठी आलेला चहा त्यानं घेतला नाही. पुढं त्याची गाडी या गॅरेजात आली, ती ड्रायव्हरबरोबर. तो स्वतः नाही.

पलटणीत असताना जोतिबानं एका जवानाचे हात असेच बधिर झालेले पाहिले होते. त्या जवानाला रातोरात बराकीतून हलवलं होतं आणि त्याचं अंथरूण जाळलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात चला असं तो दिलावरभाईंना म्हणाला, तेव्हा दोघांनीही त्या रोगाचं नाव घेतलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण आणि सावकाश बोलणारे होते. त्यांनी दिलावरभाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या बोळ्याची वात करून ती त्यांच्या हातावर ठिकठिकाणी टेकवली.

"जिथं लागेल तिथं बोट दाखवा."

दंडावर वात टेकली की दिलावरभाई लगेच दाखवत. मनगटाशी त्यांना विचार करावा लागला. मग डॉक्टर वात एकेका बोटावर फिरवू लागले. दिलावरभाई डोळे मिटून, शाळेतल्या मुलासारखे, वाट पाहत बसले.

"सुरू करा की डॉक्टर," थोड्या वेळानं ते म्हणाले.

डॉक्टरांनी वात बाजूला ठेवली. भिंतीशी उभ्या असलेल्या जोतिबानं मान वळवली.

मग डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. हा महारोग आहे, पण गोळ्यांनी तो थांबतो. गोळ्या बरीच वर्षं, न चुकवता घ्यायच्या. घरात एकत्र जेवायला, राहायला हरकत नाही. बायकोनं एकदा तपासून घ्यावं. लोक काय काय सांगतील, ते मनावर घ्यायचं नाही.

"आनि बोटं?" दिलावरभाईंनी विचारलं.

"बोटांच्या नसा गेल्या आहेत, बाबा. रोग थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. यापुढं हाताला डोळ्यांनी जपायचं. गरम काय, धारदार काय, ते बघून हात घालायचा."

"म्हंजे बोल्ट…" ते म्हणाले आणि थांबले.

"काय काम करता तुम्ही?"

"मेकॅनिक हाय."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "मग इतका उशीर कसा झाला? माझ्याकडं शिंपी येतात, सोनार येतात. ते सगळ्यात आधी येतात, कारण टाके वाकडे पडायला लागतात, बारीक वस्तू निसटतात. काम बिघडलं की ते घाबरून पळत येतात, आणि त्यांचं बरंचसं वाचतं. तुमचंही वर्षा-दीड वर्षापूर्वी वाचलं असतं. तुमचं काम बिघडायला लागलं, तेव्हाच यायचं होतं."

दिलावरभाई ताठ बसले. इतकं ऐकूनही त्यांच्या आवाजात जुना अभिमान होता.

"माझं काम कवा बिघडलंच न्हाई, डॉक्टर. ह्याला इच्चारा."

डॉक्टरांनी जोतिबाकडं पाहिलं. जोतिबानं जमिनीकडं पाहिलं.

परतीच्या एसटीत दिलावरभाई खिडकीशी बसले होते. पट्टी बांधलेला हात मांडीवर होता. सांगली गेली, तुंग गेलं. दोन्ही बाजूंना तोडणी झालेल्या उसाचे फड काळे, जाळलेले पडले होते. आष्ट्याच्या स्टँडवर गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, तेव्हा खिडकीबाहेर पाहतच ते म्हणाले,

"ज्याची बोटं मेली त्याचा बोल्ट सरळ जाईल का रं, जोतिबा?"

"न्हाई जायाचा," त्यांनीच उत्तर दिलं. "मी इतका वेळ तेच धरून बसलोय. वर्स-दीड वर्स बोटं न्हाईत, आनि येक बोल्ट वापस आला न्हाई. असं कसं हुईल?" ते वळले. "कवापासनं?"

"चौऱ्याहत्तरच्या हंगामापासनं, उस्ताद."

"लालासाहेबाची गाडी."

"व्हय."

"समदे बोल्ट तू बघायचास?"

"समदे."

"आनि मी पुढं बसून फुशारकी मारायचो."

"उस्ताद, मला ह्ये ठावं न्हवतं. आईशपथ ठावं न्हवतं. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, चार लोकांत तुमची मान खाली जाईल."

दिलावरभाई त्याच्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत राग असता तर जोतिबाला सोपं गेलं असतं.

"मान खाली गेली असती," ते हळूच म्हणाले. "येक दिवस गेली असती. घरी जाऊन म्हटलं असतं, अख्तर, आज माझा बोल्ट वाकडा गेला. दुसरा गेला असता तर झोप आली नसती. तिसऱ्याला मी आपल्या पायानं मिरजेला आलो असतो." त्यांनी चांगला हात वर करून बोटं हलवली. "मला सांगायला ह्यांच्याकडं दुसरं तोंड न्हवतं, लेका. ह्यांचं तोंड म्हंजे त्यो बोल्ट. त्ये तू दाबून धरलंस."

कंडक्टर चढला. घंटी वाजली. गाडी हलल्यावर बऱ्याच वेळानं, इस्लामपूरच्या पुढं, ते पुन्हा बोलले.

"घरी ह्यातलं काय बोलू नगं. अख्तर तुला भाऊ मानती. तिला मी सांगतो काय सांगायचं ते."

जोतिबानं मान हलवली. त्याला रडू येत होतं, पण शेजारच्या बाकावर माणसं होती.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. अख्तरबी दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी पट्टीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं, आणि काही न विचारता आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळत असताना दिलावरभाईंनी सगळं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. गोळ्या दाखवल्या. एकत्र राहायला हरकत नाही, तेही सांगितलं. अख्तरबी स्टोव्हसमोर बसून ऐकत होत्या. रोगाचं नाव ऐकून त्या दचकल्या नाहीत. फक्त एकच प्रश्न त्यांनी विचारला.

"हात नीट हुईल ना?"

"न्हाई. उशीर झाला म्हणतो डॉक्टर."

"कशानं उशीर?"

"माझाच आळस. काम वाकडंतिकडं हुत हुतं, मीच मनावर घेतलं न्हाई."

अख्तरबींनी कपाळावर हात मारून घेतला. "तरी मी म्हणत हुते! भाकरीचा चटका बसत न्हाई, गुंडी लागत न्हाई. मीच धरून न्यायला पायजे हुतं तुमाला. मी बी हसत बसले. माझंच चुकलं."

उंबऱ्याशी बसलेला जोतिबा हे ऐकत होता. दिलावरभाईंनी त्याच्याकडं पाहून मान अगदी थोडी हलवली, बोलू नको म्हणून. त्यांना त्याला वाचवायचं होतं. जसं त्यानं त्यांना वाचवलं होतं, तसंच. आणि आता पुढं काय होणार ते त्याला दिसलं. ही बाई जन्मभर स्वतःला दोष देत राहणार, नवरा खोट्याचं पांघरूण घालत राहणार, आणि आपण ईदेला येऊन शिरखुर्मा खाणार.

"भाभी, तुमचं न्हाई चुकलं," तो म्हणाला.

"जोतिबा," दिलावरभाई म्हणाले.

"न्हाई उस्ताद. आता न्हाई." तो अख्तरबींकडं वळला. "भाभी, ह्यांचं काम बिघडत हुतं, त्ये ह्यांना कवा दिसलंच न्हाई. मला दिसलं. दीड वर्स दिसत हुतं. मी त्ये मागनं नीट करून ठेवायचो आनि तोंडावर म्हणायचो, तुमच्या हाताला तोड न्हाई. मी सांगितलं असतं तर ह्ये येळेवर दवाखान्यात गेले असते. डॉक्टर म्हणला, हात वाचला असता."

अख्तरबींनी नवऱ्याकडं पाहिलं. दिलावरभाईंनी नाकारलं नाही.

अख्तरबींनी स्टोव्ह बंद केला. चहा दोन गिलासांत गाळला. तिसरा गिलास हातात घेतला होता, तो तसाच कोरडा खाली ठेवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमी मुद्दाम केलं न्हाई, ते मला कळतंय. उद्या-परवा कळेल आनखी. पर आज मला तुमच्या तोंडाकडं बघवत न्हाई. तुमी आता घरी जावा."

जोतिबा उठला. जे बोलायचं होतं ते त्यानं बोलून टाकलं होतं, फार उशिरा. दिलावरभाई भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी त्याला थांबवलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

तो अंगणात उतरून अंधारात पायानं वहाणा शोधत होता. आत गिलास सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ अख्तरबींचा, एकाएकी घाबरलेला, त्यांच्या घरच्या बोलीतला.

"ठैरो, ठैरो! गिलास गरम है. मैं पकडती हूं."